सीटखालचं टपाल आणि चढावरची टकटक

१६ जानेवारी

साडूबुवांस,

नमस्कार. हे पत्र तुमच्या हाती पडेल तेव्हा गाडी ताब्यात देताना चहाच्या टपरीवर मी तुमच्याशी हसून बोललेलो असेन. थंडी फार आहे म्हणालो असेन, गाद्यांचा धंदा कसा चाललाय तेही विचारलं असेन. ते सगळं मामांसाठी. खरं काय ते इथे, ड्रायव्हरच्या सीटखाली, काच पुसायच्या फडक्यात गुंडाळून ठेवलं आहे.

फोन करता आला असता, पण आपल्या दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी आहेत. इकडे फोन ठेवला की तिकडे उचलला जातो, आणि संध्याकाळपर्यंत सगळं मामांच्या कानावर. मामांची अट तुम्हाला पाठ असेलच. निवृत्त झाल्यावर हौसेने पिकअप घेतली, ती दोघा जावयांना दिली, महिन्याचा पहिला पंधरवडा मला, दुसरा तुम्हाला. गाडीबरोबर स्वतःही पंधरा-पंधरा दिवस दोन्ही लेकींकडे राहायचं ठरवलं. आणि वर बजावलं, "ज्या दिवशी गाडीवरून भांडाल, त्या दिवशी ती विकीन." म्हणून आपण भांडायचं नाही. फक्त लिहायचं.

तर मुद्दा असा. गाडी तुमच्याकडून परत आली की चढावर इंजिन टकटक करतं. ही गाडी टर्बोची आहे. टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. दाबलेल्या हवेत साधं पेट्रोल पडलं की ते वेळेआधीच पेट घेतं आणि इंजिन आतल्या आत ठोके खातं. तिला प्रीमियमच लागतं. मी मधमाश्यांच्या पेट्या घेऊन डोंगर चढतो, तुम्ही सपाटीवर गाद्या वाहता. गाद्यांना वजन नसतं, त्यामुळे तुम्हाला गाडीचं दुखणं कळत नाही.

एप्रिलात वरच्या फळबागा फुलतील. तेव्हा पेट्या वर गेल्या नाहीत तर माझं वर्ष बुडालं. अर्ध्या घाटात गाडी बसली, तर माश्यांना काय सांगू, उडत जा म्हणून?

तेव्हा कृपा करून प्रीमियम भरा. पैसे तसेही मामांच्या पेन्शनीतून जातात.

आपला,
थोरला साडू


१ फेब्रुवारी

थोरले साडूबुवा,

नमस्कार. पत्र मिळालं, फडकंही मिळालं. फडक्याला मध लागला होता, त्यामुळे काच पुसल्यावर समोरचा रस्ता दिसेना.

तुमचं टर्बोपुराण वाचून बायकोला दाखवणार होतो, पण आपलं ठरलंय म्हणून गिळलं. आता माझं ऐका. पंधरा दिवस मी साधं पेट्रोल भरलं आणि गाडी लोण्यावरून सुरी फिरावी तशी चालली. कुठे ठोका नाही, कुठे धाप नाही. वसतिगृहाच्या गाद्या पोचवायला तीनदा गेलो. गाद्यांना वजन नसतं हे तुम्हाला कोणी सांगितलं? एकदा कापसाच्या डबल गादीखाली पाय घालून बघा.

प्रीमियम हा सगळा पंपवाल्यांचा खेळ आहे. नाव मोठं, लक्षण खोटं. साधं भरलं म्हणून इंजिन रुसत नाही. तुम्ही चढावर दुसऱ्या गिअरऐवजी चौथा ठेवता हे मला मामांकडूनच कळलं आहे. नाचता येईना, अंगण वाकडं.

पंपावर मामांची पद्धत तुमच्याकडेही तीच असेल. मी खिडकीतून "साधं" म्हणतो. मामा म्हणतात, "तू बस, मी उतरतो, गुडघे मोकळे होतात." मग सीटमागून काठी काढून खाली उतरतात, पंपावरच्या पोराला काय ते सांगतात, आकडा शून्यावर आहे का बघतात, पैसे देतात, आणि गड जिंकल्यासारखे परत चढतात. त्यांच्याशिवाय पेट्रोल भरायचं नाही हा त्यांचाच नियम. मी काही त्यांच्या पाठीमागे टाकीत पाणी ओतत नाही.

जाता जाता, गाडीत दोन माश्या राहिल्या होत्या. एक मेली, दुसरीने सूड घेतला.

आपला,
धाकटा


१६ फेब्रुवारी

साडूबुवा,

माशीबद्दल वाईट वाटलं. जी मेली तिच्याबद्दल.

तुमच्या लोण्याचा आणि सुरीचा निकाल लागला आहे. एक तारखेला गाडी हाती आली. टाकी तुमच्या साध्या पेट्रोलने भरलेली. घाटाच्या पहिल्याच वळणावर टक. दुसऱ्यावर टक टक. मामा शेजारी डोळे मिटून बसले होते. मी विचारलं, "ऐकलंत का?" ते म्हणाले, "मला हल्ली कमी ऐकू येतं." तुमच्यासाठी ते खोटं बोलले, एवढा त्यांचा धाकटीवर जीव आहे.

मग मी मामांबरोबर पंपावर जाऊन प्रीमियमने टाकी भरून घेतली आणि पाच-सहा दिवसांनी गॅरेजवाल्याकडे गेलो. गॅरेजात मामांना कशाला त्रास, म्हणून त्यांना काठीसकट व्हरांड्यात बसवून निघालो. गॅरेजवाला माझ्याबरोबर घाट चढला, पेट्या लादलेल्या असतानाही चढला. आवाज नाही. एकही नाही. तो माझ्याकडे असा बघत होता की इंजिनाऐवजी माझीच तपासणी करावी.

पण मी हुरळलो नाही, विचार केला. तुमचं पेट्रोल संपून माझं प्रीमियम इंजिनात मुरलं, म्हणून आवाज थांबला. याहून स्पष्ट पुरावा कोर्टातही मिळत नाही. दुसऱ्या दिवशी मामांना घेऊन परत वर गेलो तेव्हा पुन्हा थोडी टकटक झाली हे खरं. ती टाकीच्या तळाला उरलेल्या तुमच्या साध्याची असणार.

आता तरी मानणार का?

आपला,
थोरला साडू


१ मार्च

थोरले साडूबुवा,

तुमचा पुरावा वाचून मी गादीवर बसून हसलो, आणि गादी गिऱ्हाइकाची होती. टाकीच्या तळाला माझं साधं पेट्रोल दबा धरून बसतं आणि मामा गाडीत बसले की बाहेर येतं, असं तुमचं म्हणणं आहे. हे पेट्रोल आहे की मांजर?

तरी मीही परीक्षा घेतली. आमच्याकडे चढ म्हणजे एक उड्डाणपूल. तिथे मामांना घेऊन, गाद्या भरून, मुद्दाम गाडी दामटली. खोटं कशाला बोलू, वर जाताना दोनदा टकटक झाली. ती तुमच्या प्रीमियमची होती. महागाच्या वस्तूचे नखरेच फार.

मामांचं मात्र काही कळत नाही. हल्ली गाडीत बसले की गालातल्या गालात हसतात. परवा एकदम म्हणाले, "काय रे, पेट्रोल इंजिनात मुरतं का लोणच्यासारखं?" मी दचकलो. तुम्ही त्यांच्यासमोर काही बरळलात का? तोंड सांभाळा. तुमच्या एका वाक्यापायी गाडी विकली गेली तर गाद्या काय डोक्यावरून वाहू?

आणि हो, थोरलीने पाठवलेल्या मधाच्या बरणीबद्दल आभार. आमच्या हिने ती मामांपासून लपवली आहे, कारण डॉक्टरांनी गोड कमी सांगितलंय. तुमच्याकडे त्यांना रोज सकाळी दोन चमचे मिळतात असं ते रुबाबात सांगतात. साडूबुवा, तुमचं घर म्हणजे सगळ्यांनाच प्रीमियम.

आपला,
धाकटा


१६ मार्च

साडूबुवा,

आता पुरे झालं. पेट्रोलवरून तुम्ही माझ्या घरात शिरलात, मामांच्या चमच्यांपर्यंत पोचलात. तुम्ही सपाटीवर बसून घाटातल्या माणसाला गाडी शिकवता, याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात.

बागवाल्याचा निरोप आला आहे. एप्रिलच्या मध्याला फुलोरा. पेट्या त्याच्या आत वर गेल्याच पाहिजेत, आणि तुमच्या पंधरवड्यानंतर गाडी कुरकुरत यायची हे मला चालणार नाही. म्हणून एक घाव दोन तुकडे करू. गाडी कायमची माझ्याकडे राहू द्या. तिला चढाची सवय आहे. मामा कायमचे तुमच्याकडे राहू द्यात. त्यांचे गुडघे दुखतात, त्यांना सपाटी बरी. मलाही सकाळी त्यांची अंघोळ, चहा, पेपर आणि मग पेट्या, एवढं आवरत नाही. तुम्ही गाद्यांसाठी एखादा भाड्याचा टेम्पो बघा.

मामांना सांगताना गुडघ्यांचं कारण सांगू. मंजूर असेल तर कळवा.

थोरला साडू


१ एप्रिल

थोरले साडूबुवा,

मंजूर.

रोज तुमचं पेट्रोल, तुमचा घाट आणि तुमची टकटक ऐकण्यापेक्षा टेम्पो परवडला. मामा इथे राहतील. मात्र देताना सगळं सामान एकदमच पाठवा. रेडिओ, शेकायची पिशवी, जाड भिंगाचा चष्मा आणि दुसरी काठी. मागाहून हे राहिलं, ते राहिलं असं नको. आमच्याकडे मागची खोली कापसाने भरली आहे, तेव्हा त्यांना तूर्त बैठकीत झोपावं लागेल. उन्हाळ्यापुरतं चालवून घेतील.

त्यांना सांगायचं काम तुमचं. तुम्ही थोरले आहात आणि कल्पनाही तुमचीच. सोळा तारखेला गाडी तुमच्याकडे ठेवा आणि मामांना बसने पाठवा, मी थांब्यावर येईन.

धाकटा


१४ एप्रिल, चहाची टपरी, सकाळ

दोन्ही जावयांस,

आशीर्वाद. एकाच पत्राच्या दोन प्रती काढल्या आहेत. एक वर जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरबरोबर थोरलीकडे धाडली, दुसरी खाली जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरबरोबर धाकटीकडे. टपाल कसं पोचवावं हे मला शिकवावं लागत नाही. जन्मभर टपालाची गाडी चालवली. लाखो पत्रं या हातांनी वाहिली आणि दुसऱ्याचं एकही कधी उघडलं नाही. ती हौस राहून गेली होती, ती तुम्ही फेडलीत. फडक्यात गुंडाळलेला कागद म्हणजे बंद पाकीट नव्हे, असं मी मनाला समजावलं. पहिल्या पत्रापासून सगळी वाचली आहेत.

तुम्ही अटीतून पळवाट काढलीत, तेव्हा मी रागावलो नाही. या गाडीच्या आधी तुम्ही दोघं लग्नाकार्यात भेटायचात आणि "काय, बरं ना" एवढं बोलून ताटावर बसायचात. आता एकमेकांना पानं पानं लिहू लागलात. मी पंधरा दिवस वाट बघायचो. पेट्रोल मुरण्याचं वाचलं तेव्हा हसून माझी कवळी सैल झाली.

आता पेट्रोलचं सांगतो. थोरला पंपावर "प्रीमियम" म्हणतो, धाकटा "साधं" म्हणतो. दोघंही खिडकीतून म्हणता आणि जागेवर बसता. उतरतो मी. टाकीच्या झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवलेली आहे, गाडी बनवणाऱ्यांनीच. मी ती पहिल्या दिवशी वाचली आणि तेव्हापासून दोन्हीकडे एकच पेट्रोल भरत आलो. धाकट्या, तुझं लोण्यावरून फिरलेलं ते साधं नव्हतं. आणि थोरल्या, तुझ्या घाटात टकटकलेलं तेही साधं नव्हतं. कोणतं होतं ते इथे येऊन झाकण उघडून वाचा. तुमच्यापैकी एकालाही ते उघडावंसं वाटलं नाही. काखेत कळसा, गावाला वळसा.

टकटक माझ्या काठीची आहे. ती सीटमागे उभी असते, चढ लागला की पत्र्यावर डोकं आपटते. मला घरी ठेवलं की काठीही घरी. गॅरेजवाला बिचारा खरं सांगत होता. मी बोललो नाही, कारण बोललो असतो तर पत्रं थांबली असती.

इथपर्यंत मजा होती. मग शेवटची दोन पत्रं वाचली. गाडीची वाटणी करताना तुम्ही माझीही केलीत. रेडिओ, पिशवी, चष्मा, काठी, आणि त्याच यादीत मी. मला फार वाईट वाटलं. हे हसण्यावारी नेऊन लिहिता येणार नाही, म्हणून सरळ लिहितो. दोन घरी राहतो तेव्हा आपल्याला दोन घरं आहेत असं मी समजत होतो. तुमच्या हिशेबी मला अर्धं अर्धंच होतं, आणि तेवढंही जड झालं.

म्हणून पहाटे गाडी मीच काढली आणि घाट मीच उतरलो. दुसऱ्या गिअरमध्ये. थोरल्याने लक्षात ठेवावं. गाडी टपरीसमोर उभी आहे. टपरीवाल्याला ती पसंत आहे आणि संध्याकाळी तो भाव विचारणार आहे. त्याच्या आधी दोघंही या. एकटा आलेला परत जाईल.

तुमचा,
मामा


१ मे

थोरले साडूबुवा,

नमस्कार. आज टपरीवर गाडी तुमच्या ताब्यात देईन तेव्हा थंडीबद्दल बोलता येणार नाही, कारण उकाडा आहे. दुसरा विषय शोधून ठेवा.

त्या दिवसाबद्दल आपण तोंडाने एक अक्षर बोललो नाही, म्हणून लिहितो. तुम्ही वरच्या बसने उतरलात, मी खालच्या. मामा बाकावर काठी आडवी धरून बसले होते. आपल्याला त्यांनी चहा दिला नाही, पाणी दिलं नाही. काठीनेच टाकीकडे खूण केली. आपण दोघांनी मिळून झाकण उघडलं आणि वाचलं, "प्रीमियम उत्तम. साधंही चालेल." तुम्ही पहिलं वाक्य मोठ्याने म्हणालात, मी दुसरं. दोघंही एकाच वेळी "बघा" म्हणालो. मग मामांकडे पाहिलं.

मामा म्हणाले, "गाडीला कुठलंही चालतं असं लिहिलंय. माझ्यावर काय लिहिलंय ते सांगा."

थोरले साडू, तुम्ही खाली बसलात आणि त्यांच्या गुडघ्याला हात लावून म्हणालात, "मामा, चूक झाली. तुम्ही दोन्हीकडे हवेत." तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. तुम्ही टपरीवाल्याला चुलीचा धूर लागला म्हणालात. मीही तेच म्हणालो, आणि त्याची शेगडी गॅसची होती.

मामांनी टपरीवाल्याला गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवशी मी तुमच्याबरोबर पेट्या न्यायला वर आलो, ते तुम्ही कुणाला सांगणार नाही असं ठरलं होतं, पण आमच्या हिला सगळं कळलं आहे. सोळा पेट्या वर चढवताना मी किती वेळा ओरडलो, सुजून माझा कान कसा पुरीएवढा झाला, आणि गाडी चालवताना मी घाटात तुमच्यासारखाच चौथा गिअर टाकला तेही. त्या वजनाने खरंच धाप लागते गाडीला. ते मी मान्य करतो. गाद्यांना वजन असतं हे तुम्हीही मान्य करा आणि पुढच्या पंधरवड्यात एक दिवस खाली या. नव्या वसतिगृहाला तिसरा मजला आहे.

आणखी एक. मागच्या खोलीतला कापूस हलवला आणि त्यातलाच वापरून दोन गाद्या शिवल्या. एकाच मापाच्या, एकाच कापसाच्या, खोळीचं कापडही एकच. एक आमच्या मागच्या खोलीत घातली आहे, दुसरी गाडीत मागे बांधली आहे, ती तुमच्याकडे मामांसाठी. कुठल्याही घरी पाठ टेकली की त्यांना जागा बदललीशी वाटू नये. पेट्रोल एकच भरून ते आपल्याला सांभाळत होते, तर मला वाटलं, गादी तरी एक असावी.

बागांमधला मध किती जमला ते कळवा. पेट्रोल प्रीमियमच भरलं आहे, मी उतरून पाहिलं. पण साधंही चालतं, हे मी मरेपर्यंत म्हणत राहीन.

आपला,
धाकटा

ता. क. मामा, तुम्ही वाचणारच. वाचून झालं की पत्र परत फडक्यात गुंडाळा आणि काठी सीटमागे न ठेवता मांडीवर घ्या.

(खाली, पेन्सिलीने)

वाचलं. काठी मांडीवर घेतली आहे. गादी चांगली दिसते आहे. पत्र मात्र फार गोड झालं, आणि मला डॉक्टरांनी गोड कमी सांगितलंय. थोरल्या, उत्तर जरा झणझणीत लिही.